भाचा समुद्रावर करतो तरी काय?

गेल्या आठवड्यात बेळगावच्या शहापुरातल्या आमच्या कट्ट्यावर जो वाद रंगला, त्याचे कारण मामांचा भाचा होता. मामांची उद्यमबागेत लहानशी फौंड्री आहे आणि डिप्लोमा झाल्यावर भाच्याने तिथे लक्ष घालावे, अशी घरातल्या सर्वांचीच अपेक्षा होती. पण तो दोन वर्षांपूर्वी मंगळुरूजवळच्या मुल्कीला समुद्रकाठी गेला, तिथे सर्फिंग, म्हणजे फळीवर उभे राहून लाटेवर स्वार होणे, शिकला आणि आता तिथेच नवशिक्यांना शिकवून राहण्या-जेवण्याचा खर्च भागवतो.

मामांची तक्रार मोजून-मापून तयार झालेली होती. जानेवारीत ते भाच्याला भेटायला गेले, तेव्हा घड्याळ लावून दोन तास वाळूत उभे राहिले होते. त्या दोन तासांत पोरगा फळीवर अकरा वेळा उभा राहिला आणि प्रत्येक वेळी दहा-अकरा सेकंदांत पाण्यात गेला. जन्मभर पतसंस्थेत व्याज मोजलेल्या अण्णांनी लगेच हिशेब सांगितला, "म्हणजे दोन तासांत दोन मिनिटांचे काम. उरलेल्या वेळाचा पगार कोण देतो?"

"उरलेला वेळ तो काय करत होता, ते सांगा की," मास्तर म्हणाले. मास्तर निवृत्त झाले असले तरी त्यांच्यातला भूगोल निवृत्त झालेला नाही. मामांनी आठवून सांगितले, की बहुतेक वेळ तो फळीवर पालथा पडून हातांनी पाणी मागे सारत होता, नाहीतर फळीवर बसून क्षितिजाकडे पाहत होता. मास्तरांच्या मते तेच खरे काम होते. किनाऱ्यावर येणारी चांगली लाट पुष्कळदा हजारो किलोमीटर दूर, दक्षिणेकडच्या समुद्रातल्या वादळात जन्मलेली असते आणि इकडे पोहोचायला तिला कित्येक दिवस लागतात. ज्या दोन लाटांमध्ये पंधरा-सोळा सेकंदांचे अंतर असते, त्या लाटा वेगाने धावतात आणि आधी येऊन पोहोचतात, म्हणून सर्फर लाटेच्या उंचीइतकेच या सेकंदांकडेही लक्ष ठेवतो. पाण्याची खोली लाटेच्या उंचीच्या साधारण सव्वापट उरली, की लाट फुटते. ती नेमकी कुठे फुटेल हे ओळखून त्या जागी आधीच जाऊन थांबावे लागते. "आणि तो पहाटे साडेचारला उठतो तो हौसेने नव्हे," मास्तर पुढे म्हणाले. "पहाटे मतलई वारे जमिनीकडून समुद्राकडे वाहतात आणि लाटेचे तोंड उभे, गुळगुळीत ठेवतात. दहा-अकरानंतर खारे वारे सुटले, की तीच लाट विस्कटते."

येळ्ळूरहून दूध घालायला येणारे तात्या एवढा वेळ गप्प होते. त्यांना समुद्राचे काही वाटत नाही, पण वाट पाहण्याचे पुष्कळ कळते. ते म्हणाले, "आमची धुळवाफ पेरणी याहून काय वेगळी आहे? पावसाचा पत्ता नसताना कोरड्या मातीत कुरी धरून भात पेरायचा आणि मिरगाकडे डोळे लावून बसायचे. त्या वेळी शिवारात कुणी पाहुणा आला, तर तोही म्हणेल, ही माणसे धुळीत काय करतात?"

अण्णांना हा दाखला पटला नाही. भाताला पाऊस बहुधा मिळतोच. पण भाच्याला कोणती संधी मिळणार आहे, एवढेच त्यांना हवे होते. तेव्हा मास्तरांनी ब्राझीलच्या इटालो फेरेरा याची गोष्ट काढली. त्याचे वडील मासे विकत आणि मासळीच्या थर्माकोलच्या खोक्याच्या झाकणावर हा लहानपणी लाटा पकडायला शिकला. 2019 साली जपानमधल्या मियाझाकीच्या जागतिक स्पर्धेला तो प्रवासातल्या अडचणींमुळे इतका उशिरा पोहोचला, की त्याच्या फेरीची शेवटची काही मिनिटेच उरली होती. अंगात जीनची अर्धी चड्डी होती, फळी सहकाऱ्याकडून उसनी घेतलेली होती. तरी तो ती फेरी जिंकला आणि पुढे सुवर्णपदकही घेऊन गेला. सर्फिंग ऑलिंपिकमध्ये पहिल्यांदा आले ते टोकियोत, आणि 2021 साली झालेल्या त्या स्पर्धेतही पुरुषांचे पहिले सुवर्ण त्याचेच.

"लाखात एक," अण्णा म्हणाले. "उरलेल्यांची गोष्ट कोण सांगतो?" या आक्षेपाला मास्तरांकडे उत्तर नव्हते आणि माझ्याकडेही नाही. मास्तरांनी मग हवाईतल्या वायमिया खाडीकडे मोर्चा वळवला. एडी ऐकाऊ या जीवरक्षकाच्या नावाने तिथे होणारी स्पर्धा लाटा पुरेशा मोठ्या असतील तरच घेतात. 2016 नंतर ती एकदम 2023 च्या जानेवारीत झाली. ती जिंकणारा ल्यूक शेपर्डसन त्याच किनाऱ्यावर जीवरक्षक म्हणून त्या दिवशी कामावर होता आणि कामातून सुटी घेऊन आपल्या फेऱ्यांपुरता पाण्यात उतरत होता.

"पाहिलेत?" अण्णा उसळून म्हणाले. "त्याला पगार होता. सात वर्षे वाट पाहायची, तर चूल पेटती हवी."

मला वाटते, त्या संध्याकाळचे सर्वांत खरे वाक्य अण्णांच्याच तोंडून निघाले, जरी ते त्यांनी भाच्याच्या विरोधात वापरले. सकाळच्या शिकवण्या, खांद्यांचा व्यायाम, फळीला मेण लावणे, पाय फळीला बांधणारी दोरी रोज ताणून पाहणे, हे सगळे लाट येवो न येवो करावेच लागते. तयारी एकदा करून कपाटात ठेवता येत नाही. ऑगस्ट 2025 मध्ये महाबलीपुरमच्या आशियाई सर्फिंग स्पर्धेत कांस्यपदक मिळवणारा रमेश बुदिहाळ आपल्याच देशातला आहे, हेही मास्तरांनी अण्णांना ऐकवले.

मामा बराच वेळ चहाचा रिकामा पेला फिरवत होते. मग, कुणी विचारले नसताना, त्यांनी दिवाळीतली हकीकत सांगितली. भाचा तडा गेलेली फळी घेऊन घरी आला होता आणि दोन दिवस फौंड्रीच्या पॅटर्न शॉपमध्ये, म्हणजे ओतकामाचे नमुने बनवतात तिथे, बसून होता. त्याने तड्याभोवतीचा भाग कापून काढला, आत शिरलेले पाणी सुकू दिले, काचधाग्याचे कापड चढवले, रेझिन ओतले आणि बारीक पॉलिश पेपरने एवढे घासले, की बोट फिरवूनही सांधा कळत नव्हता. "आमच्या पॅटर्न मेकरला तसे जमत नाही," मामा म्हणाले, आणि लगेच त्यांच्या लक्षात आले, की आपण तक्रार करायला बसलो होतो.

अण्णा हसले. तात्यांनी दुधाची किटली सायकलला अडकवली. मामांनी खिशातून फोन काढला आणि दुसऱ्या दिवशी मंगळुरूला माल घेऊन निघणाऱ्या आपल्या लॉरीच्या ड्रायव्हरला सांगू लागले, "एक डबा देतो, मुल्कीला उतरवायचा. एपॉक्सीच आहे ना, ते डब्यावर वाचून घे. फळीचा गाभा थर्माकोलचा आहे, पॉलिएस्टर रेझिन गेले तर सगळा विरघळेल. आणि हार्डनर वेगळ्या पिशवीत बांध."