परदेशातून : आयटी पार्कची वाट कशाला पाहायची?

नाशिकमध्ये आयटी पार्कचा विषय निघाला की चर्चा ठरलेल्या वळणावर येते. पार्क नाही म्हणून कंपन्या नाहीत, कंपन्या नाहीत म्हणून मुली पुण्याला जातात, आणि मूल थोडं मोठं झाल्यावर पुन्हा कामाला लागू पाहणाऱ्या बाईला पुणंही लांबच. अलीकडे या चर्चेत सायबर सिक्युरिटीची भर पडली आहे. एकीकडे 'सहा महिन्यांत एथिकल हॅकर'च्या जाहिराती, तर दुसरीकडे घरातला प्रश्न : पस्तिशीत नवं क्षेत्र, तेही रात्रपाळीचं, हवंय कशाला? इंग्लंडमध्ये बसून हे ऐकताना वाटतं, की ज्या कामावरून वाद चाललाय ते काम नेमकं काय असतं, हे कुणी सांगतच नाही.

नव्याने आलेल्या माणसाच्या वाट्याला हॅकिंग जवळजवळ येत नाही. येतं ते नोंदी वाचणं. समजा, सिक्युरिटी ऑपरेशन्स सेंटरमध्ये, म्हणजे कंपनीच्या संगणकांवर सतत नजर ठेवणाऱ्या कक्षात, बोलीभाषेत 'सॉक'मध्ये, स्क्रीनवर अलर्ट आला : अकाउंट्स विभागाच्या एका लॉगिनवर २:४० ला नऊ वेळा चुकीचा पासवर्ड, दहाव्यांदा बरोबर. विंडोजमध्ये फसलेल्या लॉगिनची नोंद ४६२५ क्रमांकाने पडते, जमलेल्याची ४६२४ ने. नवखी व्यक्ती मध्यरात्रीचा हल्ला समजून खातं बंद करायला धावते. आधी बघायचं ते घड्याळ. सगळ्या मशीनच्या नोंदी एका जागी गोळा करणाऱ्या बहुतेक प्रणाली (त्यांना 'सीम' म्हणतात) वेळ यूटीसीमध्ये, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेत, ठेवतात आणि भारताची वेळ त्याच्या साडेपाच तास पुढे आहे. म्हणजे ते २:४० नाशिकचे सकाळचे ८:१० असू शकतात.

मग लॉगऑनचा प्रकार, तोही नोंदीत आकड्याने दिलेला असतो. २ असेल तर माणूस त्याच मशीनसमोर बसला होता, ३ म्हणजे नेटवर्कवरून, १० म्हणजे रिमोट डेस्कटॉप, दुरून त्या मशीनची स्क्रीन उघडून. त्यानंतर आयपी पत्ता, म्हणजे लॉगिन नेटवर्कवर कुठून आलं, आणि सगळ्यात महत्त्वाचं, आत शिरल्यावर पुढच्या दहा मिनिटांत काय घडलं. प्रकार २, रोजचंच मशीन आणि मागोमाग रोजचंच टॅली उघडलेलं, तर कुणीतरी सुट्टीनंतर पासवर्ड विसरलेलं आहे. प्रकार १०, बाहेरचा पत्ता, लगेच ४७२० म्हणजे नवा युजर तयार झाल्याची नोंद आणि पाठोपाठ ११०२ म्हणजे सिक्युरिटी लॉग पुसल्याची नोंद, असं दिसलं तर क्षणही न दवडता वर कळवायचं आणि मशीन नेटवर्कपासून तोडायचं. मात्र ते बंद करायचं नाही. बंद केलं की मेमरीतला पुरावा गेला. आणि बरोबर दर पंधरा मिनिटांनी एक ४६२५ पडत असेल, तर त्यामागे बहुधा माणूस नसतोच : पासवर्ड बदलला, पण शेड्यूल्ड टास्कमध्ये, म्हणजे ठरलेल्या वेळी आपोआप चालणाऱ्या कामात, जुनाच साठवलेला राहिला.

सुरुवातीला सगळ्यात जास्त घोटाळा होतो तो तिकीट, म्हणजे त्या अलर्टची तपासनोंद, बंद करताना. 'फॉल्स पॉझिटिव्ह', म्हणजे खोटा इशारा, एवढंच लिहून मोकळं व्हायचं. तीन आठवड्यांनी तीच गोष्ट खरी निघाली की तेव्हा काय पाहिलं होतं हे कुणालाच सांगता येत नाही. मराठी माध्यमात शिकलेल्या बायका इंग्रजी रिपोर्टला घाबरतात, पण तिकिटाला पाच साधी वाक्यं पुरतात : कधी, कुठल्या मशीनवर, काय दिसलं, काय तपासलं, निर्णय का घेतला. इंग्लंडमधल्या सॉकमध्येही याहून अलंकारिक इंग्रजी कुणी मागत नाही.

म्हणूनच करिअर बदलणारी बाई कोरी पाटी घेऊन येते, हे मला मुळीच पटत नाही. बँकेत काम केलेल्या बाईला मेकर-चेकर, म्हणजे एकाने नोंद करायची आणि दुसऱ्याने तपासून मंजूर करायची, हे सांगावं लागत नाही. सिक्युरिटीत त्यालाच 'सेग्रिगेशन ऑफ ड्युटीज' म्हणतात. वर्षानुवर्षं बँक रिकन्सिलिएशन केलेली अकाउंटंट एचआरची सोडून गेलेल्यांची यादी आणि चालू लॉगिनची यादी एक्सेलच्या व्हीलुकअपने समोरासमोर लावून अर्ध्या तासात सांगेल, की चार जण नोकरी सोडून गेलेत पण त्यांची खाती जिवंत आहेत. ऑडिटमध्ये हे हमखास सापडतं. आयएसओ २७००१ या माहिती सुरक्षेच्या मानकाच्या २०२२ च्या आवृत्तीत ९३ नियंत्रणं आहेत आणि त्यातला मोठा भाग असा पुराव्याचा, तारखांचा, सह्यांचा आहे. नाशिकच्या अंबड औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यात क्वालिटी सांभाळलेल्या बाईने दोषाचं मूळ शोधणारे ८-डी रिपोर्ट आणि 'पाच का'चे (पुन्हा पुन्हा 'का' विचारत कारणापर्यंत जाण्याचे) तक्ते शेकड्याने भरलेले असतात. सायबर घटनेनंतरचं मूळ कारण शोधणं त्याच वळणाने जातं. नर्सचं तर बोलायलाच नको. कोण आधी, कोण नंतर, आणि पाळी बदलताना काय सांगायचं, हे सॉकमध्ये नव्या पोरांना शिकवावं लागतं. नर्सच्या ते अंगवळणी पडलेलं असतं.

आता परदेशाबद्दल. इथलं सगळं पाहून नाशिकला नावं ठेवावीत असं नाही. इथे सरकारी पैशातून १६ आठवड्यांपर्यंतचे 'स्किल्स बूटकॅम्प' नावाचे प्रशिक्षण वर्ग चालतात, पण शेवटी हमी असते ती मुलाखतीची, नोकरीची नाही. ६ एप्रिल २०२४ पासून नोकरीच्या पहिल्या दिवशीच लवचिक वेळ मागण्याचा हक्क आहे आणि मालकाला दोन महिन्यांत उत्तर द्यावं लागतं. तो नकारही देऊ शकतो. सॉकच्या पाळ्या इथे बऱ्याच ठिकाणी बारा-बारा तासांच्या, चार दिवस काम आणि चार दिवस सुट्टी अशा. पाळणाघरं मात्र संध्याकाळी सहाच्या सुमारास बंद होतात, आणि हाकेच्या अंतरावर आजी नसते. जोडीदाराच्या व्हिसावर आलेल्या मराठी बायकांना जवळपास कुठलीही नोकरी करता येते, हे खरं; पण सरकारी कामासाठी लागणाऱ्या एससी (सिक्युरिटी चेक) क्लिअरन्सला, म्हणजे सुरक्षा पडताळणीला, साधारण पाच वर्षं या देशात राहिलेलं असावं लागतं, आणि सुरुवातीच्या कितीतरी जाहिराती तिथेच अडतात.

रात्रपाळीबद्दल नाशिकमध्ये अर्धीच माहिती फिरते. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यानुसार बाईला रात्री साडेनऊ ते सकाळी सात या वेळेत तिच्या संमतीशिवाय कामाला लावता येत नाही, आणि संमती दिली तर सुरक्षितता व घरापर्यंतची वाहतूक ही मालकाची जबाबदारी आहे. ऑफर लेटर हातात पडण्याआधीच रोस्टर, म्हणजे पाळ्यांचं वेळापत्रक, मागा, आणि वाहतूक लेखी घ्या. शिवाय अनुपालनाचं, ऑडिटचं, म्हणजे जीआरसीचं काम दिवसाचंच असतं.

शिकण्याबाबत माझं मत ठाम आहे : मोठी फी भरायच्या आधी घरी तीन महिने द्या. १६ जीबी रॅमचा लॅपटॉप, एका संगणकात अनेक आभासी संगणक चालवणारं व्हर्च्युअलबॉक्स, त्यात दोन मशीन. एकावर उबुंटू ही लिनक्स प्रणाली आणि वाझूह हे मोफत सीम, त्याला ८ जीबी. दुसऱ्यावर विंडोज एंटरप्रायझची ९० दिवसांची मोफत चाचणी आवृत्ती आणि विंडोजच्या जास्त तपशीलवार नोंदी ठेवणारं सिसमॉन, त्याला ४ जीबी. पहिल्याच दिवशी अडतं ते इथे : दोन्ही मशीन व्हर्च्युअलबॉक्सच्या 'नॅट' या नेटवर्क प्रकारावर ठेवली की एकमेकांना दिसत नाहीत. 'नॅट नेटवर्क' निवडायचं, मग वाझूहकडे नोंदी ज्यांतून जातात ते १५१४ आणि १५१५ हे पोर्ट उघडे आहेत का ते पाहायचं. मग स्वतःच दहा वेळा चुकीचा पासवर्ड टाकायचा आणि तो अलर्ट शोधायचा. कुठला प्रोग्राम चालला याची ४६८८ ची नोंद मुळात चालू नसते, ती विंडोजच्या ऑडिट पॉलिसीतून चालू करावी लागते. हे एकदा स्वतः हुडकलं की जन्मभर लक्षात राहतं. परीक्षा त्यानंतर. सिक्युरिटी प्लस या सुरुवातीच्या प्रमाणपत्राला ९० मिनिटांत जास्तीत जास्त ९० प्रश्न, पास व्हायला ९०० पैकी ७५०. सीआयएसएसपी या वरच्या पातळीच्या प्रमाणपत्राच्या जाहिरातींना सध्या भुलू नका, त्याला पाच वर्षांचा अनुभव लागतो. आणि काली लिनक्स ही हॅकिंगच्या साधनांची प्रणाली शिकताना शेजाऱ्याच्या वायफायवर हात साफ करायचा नाही : आयटी कायद्याच्या कलम ६६ खाली तीन वर्षांपर्यंत कैद किंवा पाच लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं.

राहिला नोकरी कुठे हा प्रश्न. ऑगस्ट २०१८ मध्ये पुण्याच्या कॉसमॉस बँकेतून सायबर हल्ल्यात दोन दिवसांत ९४ कोटी गेले, २८ देशांतल्या एटीएममधून पैसे निघाले. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये रिझर्व्ह बँकेने नागरी सहकारी बँकांसाठी सायबर सुरक्षेची मूलभूत चौकट घातली, आणि डिसेंबर २०१९ मध्ये चार स्तरांचे नियम आले. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या एप्रिल २०२२ च्या आदेशाप्रमाणे सायबर घटना सहा तासांत कळवावी लागते आणि लॉग १८० दिवस ठेवावे लागतात. वैयक्तिक डेटाच्या २०२३ च्या कायद्यात दंड २५० कोटींपर्यंत आहे. हे सगळं नाशिकच्या सहकारी बँकांना, हॉस्पिटलांना, सातपूर-अंबडच्या कारखान्यांना आपापल्या परीने लागू आहे किंवा टप्प्याटप्प्याने होतं आहे. आयटी पार्क येवो न येवो, तिथे लॉग कुणीतरी वाचायलाच हवेत.

कारखान्यांची गरज तर मला सर्वांत मोठी वाटते. तिथले पीएलसी, म्हणजे मशीन चालवणारे छोटे संगणक, पंधरा-वीस वर्षं चालतात, लाइन थांबवल्याशिवाय पॅच, म्हणजे सॉफ्टवेअरची दुरुस्ती, टाकता येत नाही, आणि ऑफिसातल्या सवयीने कुणी चालू लाइनवर नेटवर्कला काय काय जोडलंय ते शोधणाऱ्या एनमॅपचा स्कॅन मारला तर जुना कंट्रोलर अडकून उत्पादन बंद पडू शकतं. अशा कारखान्यात इन्स्ट्रुमेंटेशनचा डिप्लोमा केलेली, दहा वर्षं घरी असलेली बाई नुसत्या कोडिंग येणाऱ्या मुलापेक्षा उजवी ठरते, कारण तिला पॅनलची भीती वाटत नाही. मालकांनी दिवसाला चार तासांची, सकाळी दहा ते दोनची जागा काढावी. पहिल्या महिन्यात तिला एवढंच काम द्यावं : पॅनल उघडून प्रत्येक कंट्रोलरचं मॉडेल, फर्मवेअरची (आतल्या सॉफ्टवेअरची) आवृत्ती आणि तो कुठल्या स्विचच्या कुठल्या पोर्टला जोडलाय ते लिहायचं, प्रोग्रामचा शेवटचा बॅकअप कधीचा आहे आणि तो परत चढवून पाहिलाय का ते विचारायचं, आणि मशीन पुरवणाऱ्याने दुरून दुरुस्तीसाठी बसवलेला मॉडेम किंवा टीमव्ह्यूअर काम संपल्यावरही चालू राहिलाय का, ते स्वतः जाऊन बघायचं.