वॉशिंग मशीन स्पिन होत नाही म्हणजे मोटर गेली? नाही हो

'मशीनमध्ये पाणी तसंच राहून स्पिन होत नसेल तर मोटर जळली' हा मेसेज परवा मीपण पुढे ढकलला होता, चूक माझीच. आत पाणी आहे असं प्रेशर स्विच (पाण्याची पातळी ओळखणारा भाग) सांगत असतो तोवर मशीन मुद्दामच जोरात फिरत नाही, म्हणजे बहुतेक वेळा अडचण पाणी बाहेर जाण्यात असते. काल माझंच मशीन अडलं, प्लग काढला, फ्रंट लोडचं खालचं झाकण उघडून परात लावली, फिल्टर हळूहळू सैल केला तर आत एक नाणं आणि केसांचा काळा गोळा! (पाणी गरम असेल तर आधी थंड होऊ द्या.) पाणी बाहेर सोडणारा मागचा पाईप दुमडलाय का तेही बघा. मोटर कधीकधी जातेही, पण ते नंतर तपासायचं. तो जुना मेसेज कृपया पुढे पाठवू नका, पाठवला असेल तर डिलीट करा.