आबेंना घरगुती बंदुकीने मारलं, म्हणून कायदा फुकट?

"जपानइतका कडक बंदूक कायदा कुठे नाही, तरी माजी पंतप्रधानाला घरी बनवलेल्या बंदुकीने मारलं. मग कायदे हवेत कशाला?" शिंझो आबे गेल्यापासून हा मेसेज अधूनमधून उगवतोच.

आधी त्या दिवसाचं बघू. ८ जुलै २०२२, नारा. मारेकरी सागरी स्वसंरक्षण दलात, म्हणजे जपानच्या नौदलात काम केलेला. पहिला बार आबेंना लागलाच नाही. दुसरा सुमारे अडीच सेकंदांनी झाला, आणि तेवढ्यात अंगरक्षकांनी आबेंना आडोसा दिला नाही. जपानच्या पोलीस प्रमुखांनी पुढे राजीनामा दिला तो या ढिलाईपायी.

कायदा हरला म्हणता? २०२१ साली अख्ख्या जपानात गोळीबाराच्या १० घटना झाल्या, मृत्यू एक. त्याच वर्षी अमेरिकेत बंदुकीने ४८ हजारांहून अधिक माणसं गेली. त्यात निम्म्याहून जास्त आत्महत्या, हे खरं. पण हाताशी बंदूक असणं तिथेही नडतंच. लोकसंख्या म्हणाल तर जपानची अमेरिकेच्या तिसऱ्या हिश्शाहून जास्त.

"ज्याला मारायचंय तो बंदूक बनवेलच." हे सिद्ध करायला एक जण खरोखरच निघाला होता. ९ ऑक्टोबर २०१९, जर्मनीतलं हाले शहर, यहुद्यांचा योम किप्पूर हा पवित्र दिवस. सिनेगॉगमध्ये, म्हणजे त्यांच्या प्रार्थनास्थळात, पन्नासेक माणसं. घरगुती हत्यारंही चालतात हे जगाला दाखवायचं, असं या पठ्ठ्याने आधीच लिहून ठेवलेलं. सिनेगॉगचं दार काही त्याला उघडता आलं नाही. बंदुका पुन्हा पुन्हा अडकत राहिल्या, आणि हल्ल्याच्या थेट प्रक्षेपणात तो स्वतःलाच शिव्या घालत राहिला. दोन निरपराध जीव गेले, एक रस्त्यावर, एक जवळच्या खाणावळीत. त्याच्या हातात कारखान्यातली रायफल असती तर? मेसेज पाठवणाऱ्यांनी हा प्रश्न एकदा स्वतःला विचारावा.

अमेरिकेतल्या 'घोस्ट गन', म्हणजे अनुक्रमांक नसलेल्या बंदुका, बऱ्याचदा घरगुती म्हणण्याइतक्याही घरगुती नसतात. सुटे भाग खोक्यात येतात, जोडायचं काम घरी. अशा किटनाही अनुक्रमांक आणि खरेदीदाराची तपासणी लावता येते, हे तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२५ मध्ये मान्य केलं.

आता आपल्याकडचा गावठी कट्टा. इथे मात्र मेसेजला थोडा दम आहे. शस्त्र कायदा १९५९ चा, आणि जळगाव जिल्ह्यातल्या चोपड्याला लागून, मध्य प्रदेशच्या हद्दीतल्या उमर्टीत कट्टे घडतच राहिले. पण पुण्यातला पोरगा कट्टा स्वतः घडवत नाही, विकत घेतो. म्हणजे मधे घडवणारा आला, पोचवणारा आला, एसटीतली बॅग आली, आणि खबरीही आला. नोव्हेंबर २०२५ मध्ये पुणे पोलीस थेट उमर्टीत जाऊन भट्ट्या मोडून आले, ते हीच साखळी उलटी धरून.