घरच्या पोकरमध्ये एक्का-सत्ती टाकून द्यावी

गंगापूर रोड असो, कॉलेज रोड असो की इंदिरानगर, नाशिकमध्ये शनिवारी रात्री कुणा मित्राच्या घरी पाच-दहाच्या ब्लाइंडचा (पत्ते पाहण्याआधीच दोघांनी सक्तीने लावायच्या पाच आणि दहा रुपयांचा) पोकर रंगला, की एक वाक्य हमखास कानावर पडते: "इथे सगळेच काहीही खेळतात, मग आपणही खेळावे." या मताला माझा ठाम विरोध आहे. सगळे उतरतात म्हणून सगळी पाने खेळण्याजोगी होत नाहीत; मधल्या दर्जाच्या पानांपैकी कोणती ठेवायची आणि कोणती टाकायची, हे मात्र अशा टेबलावर बदलते.

आपल्यापैकी बहुतेकांचा हात दिवाळीतल्या तीन पत्तीवर बसलेला आहे. तिथे चारांतून जवळजवळ तीन वेळा हातात जोडीसुद्धा नसते, त्यामुळे नुसत्या एक्क्यालाही मान असतो. टेक्सास होल्डेममध्ये, म्हणजे घरोघरी खेळल्या जाणाऱ्या पोकरमध्ये, हीच सवय महागात पडते, कारण हातात दोनच पाने असतात, मधली पाच पाने सर्वांची असतात आणि एक्क्याची जोडी लागली तरी ती आपल्या एकट्याची असेलच असे नाही. समजा, आपल्याकडे बदामाचा एक्का आणि इस्पिकची सत्ती आहे आणि समोर पाच जण आहेत. त्यांपैकी निदान एकाकडे एक्का असण्याची शक्यता जवळपास निम्मी असते. फ्लॉपवर, म्हणजे मधली पहिली तीन पाने उघडतात तेव्हा, आणखी एक एक्का आला तरी ती शंभरात अडतीसच्या आसपास राहते. आणि घरच्या खेळात एक्का हाती असलेला माणूस सहसा पत्ते टाकत नाही, त्यामुळे जो शेवटपर्यंत पैसे लावत राहतो त्याच्याबाबत तर अधिकच सावध राहायला हवे. जोड्या सारख्या असल्या की सोबतचे पान पाहिले जाते; त्याच्या एक्क्यासोबत अठ्ठीपासून राजापर्यंत काहीही असले, की आपली सत्ती बहुधा मागे पडते.

एका मित्राकडे असाच डाव अगदी शेजारी बसून पाहिला. मध्ये एक्का, दश्शी, तिर्री. चाळीसचा कॉल (समोरच्याने लावले तेवढेच पैसे लावणे), मग एकशेवीसचा, मग तीनशेचा, आणि शेवटी समोरून एक्का-राणी उघडली. एक्का-सत्तीने जिंकलेले पॉट, म्हणजे मध्ये जमलेले पैसे, लहान असतात आणि हरलेले मोठे, ते याच कारणाने. वेगवेगळ्या रंगांचे राजा-नव्वी किंवा राणी-अठ्ठीही मी याच रांगेत बसवतो.

याउलट तिर्रीची जोडी किंवा किलवरची सत्ती-अठ्ठी दिसायला किरकोळ, पण पाच-सहा जण फ्लॉप पाहणार असतील तर तिची किंमत वाढते. लहान जोडीला फ्लॉपवर तिसरे पान साधारण साडेआठ वेळांतून एकदा मिळते. मिळाले तर पैसे वसूल करायला माणसे हजर असतात, नाही मिळाले तर निर्णय सोपा असतो. अट एवढीच, की कॉल स्वस्त असावा आणि समोरच्याकडे त्या कॉलच्या पंधरा-वीस पट तरी चिप्स असाव्यात. हजाराचे चिप्स असतील तर चाळीसचा कॉल पटतो. समोरच्याकडे तीनशेच उरले असतील तर तीच जोडी टाकावी. एका रंगाच्या पानांबद्दल मात्र फार भाबडेपणा आहे. शेवटपर्यंत थांबले तरी फ्लश, म्हणजे एकाच रंगाची पाच पाने, शंभरात सहा-सात वेळाच लागतो, आणि सहा जणांत लहान फ्लशला मोठा फ्लश भेटू शकतो. म्हणून एकमेकांपासून लांबची दुर्री-नव्वी केवळ दोन्ही बदाम आहेत म्हणून खेळू नये.

"नुसते पत्ते टाकायला आलायस का?" हा टोमणा चिवड्याची वाटी पुढे सरकवता सरकवता मारला जातो, त्यात राग नसतो. पण टाकलेल्या डावात समोरची माणसे पाहायला मिळतात: कोण कशावर रेझ करतो, म्हणजे रक्कम वाढवतो, कोण कधीच मागे हटत नाही. रक्कम लहान असली तरी हा खेळ विचाराचा आहे आणि तो विचाराने खेळला जावा, असे मला मनापासून वाटते.

बसण्याच्या जागेचा विचार तर आपल्याकडे जवळजवळ होतच नाही. बटणावर, म्हणजे पत्ते वाटणाऱ्याच्या जागेवर, बसून सत्ती-अठ्ठी खेळावी, कारण फ्लॉपनंतर सर्वांचे पाहून बोलता येते. तीच पाने बिग ब्लाइंडच्या, म्हणजे सक्तीचे दहा रुपये लावणाऱ्याच्या, लगेच डावीकडे टाकावीत. स्मॉल ब्लाइंडला, म्हणजे पाच रुपये आधीच लावलेल्या जागेवर, "पाचच रुपये तर घालायचेत" म्हणून काहीही पाहिले जाते, पण त्या पाच रुपयांनंतर फ्लॉप, टर्न (चौथे पान) आणि रिव्हर (पाचवे पान) या तिन्ही फेऱ्यांत सर्वांत आधी बोलावे लागते. त्या जागेवर मी एक्का-सत्ती पाच रुपयांनाही घेत नाही.