इंजिन ऑइलला मुदत नसते म्हणे: डब्यात नेमकं काय बिघडतं

"इंजिन ऑइल कधीच एक्सपायर होत नाही. कोट्यवधी वर्षं जमिनीखाली टिकलेलं तेल डब्यात काय बिघडणार? सिंथेटिक असेल तर प्रश्नच नाही. उघडलेला डबाही झाकण घट्ट लावलं की कितीही वर्षं चालतो. तळाला साका दिसला तर हलवून ओता, फार तर नव्या तेलात मिसळा." गाडीवाल्यांमध्ये हा मजकूर सतत फिरत असतो. त्यात थोडं तथ्य आहे, म्हणूनच तो पटतो आणि म्हणूनच नुकसान करतो.

"कोट्यवधी वर्षं टिकलं." टिकलं ते कच्चं तेल, आणि तेही जिथे हवा पोचत नाही अशा खडकात. शुद्धीकरणात त्यातली गंधकाची संयुगं काढली जातात. त्यांतली काही तेलाचं ऑक्सिडेशन रोखत असतात, त्यामुळे नंतर अँटिऑक्सिडंट वेगळे घालावे लागतात. डब्यातल्या मालात बेस ऑइल, म्हणजे मूळ तेल, साधारण ७५ ते ९० टक्के असतं, बाकी अ‍ॅडिटिव्ह, म्हणजे त्यात मिसळलेली रसायनं. सीलबंद डब्यात, सावलीत बेस ऑइल खरोखरच फारसं बदलत नाही. दाव्यातलं तथ्य एवढंच.

अडचण उरलेल्या भागाची आहे. इंजिन स्वच्छ ठेवणारे कॅल्शियम-मॅग्नेशियमचे डिटर्जंट तेलात अतिसूक्ष्म कणांच्या रूपात तरंगत असतात. फेस मोडणारं सिलिकोन तर विरघळतच नाही, नुसतं बारीक थेंबांत पसरलेलं असतं. काळ, उष्णता आणि सगळ्यात जास्त पाणी ही घडी विस्कटून टाकतं. सिलिकोन तळाला बसलं की फेस मोडत नाही, पंप तेलाबरोबर हवाही ओढतो आणि बेअरिंगवरचा तेलाचा थर तुटतो. झीज रोखणारं झेडडीडीपीसुद्धा पाण्याच्या संपर्कात हळूहळू विघटित होतं.

म्हणून उत्पादक सीलबंद डब्याला साधारण ३ ते ५ वर्षांची मुदत देतात. ती संपली त्या दिवशी तेल फेकायचं असा याचा अर्थ नाही. त्यानंतर डबा तपासल्याशिवाय वापरायचा नाही, असा आहे. मुदत मोजायची ती डब्यावर छापलेल्या उत्पादनाच्या तारखेपासून, खरेदीच्या पावतीपासून नव्हे. आणि ही डब्यातली मुदत आहे. संपमध्ये, म्हणजे इंजिनाच्या तळातल्या तेलाच्या टाकीत, ओतलेल्या तेलात इंधन, काजळी आणि ज्वलनातलं पाणी मिसळत राहतं, त्यामुळे गाडी कमी चालली तरी पुस्तिकेतली महिन्यांची मर्यादा पाळावीच लागते.

"सिंथेटिकचा प्रश्नच नाही." सिंथेटिकचं बेस ऑइल वेगळं असतं, अ‍ॅडिटिव्ह त्याच जातीचे असतात. साका त्यातही बसतो. एस्टर नावाची संयुगं वापरलेलं सिंथेटिक तर पाण्याच्या बाबतीत जास्तच नाजूक.

"झाकण घट्ट लावलं की झालं." दिवसा डब्यातली हवा तापून फुगते, रात्री आकसते. सील तुटलेल्या झाकणातून ती आतबाहेर होते आणि दमट हवेतलं पाणी आत सोडून जाते. अर्ध्या रिकाम्या डब्यात हवा जास्त, म्हणून हा त्रासही जास्त. उघडलेला डबा वर्षभरात संपवावा. तो उभा, घरात, साधारण ५ ते ३० अंश सेल्सियसमध्ये ठेवावा आणि उघडल्याची तारीख त्यावर लिहावी. धुतलेल्या दुसऱ्या बाटलीत तेल काढून ठेवू नये. आत राहिलेले थेंब पुरेसा घोळ करतात.

२०० लिटरच्या ड्रमचं हे आणखी ठळक दिसतं. उघड्यावर उभ्या ठेवलेल्या ड्रमच्या माथ्यावर पावसाचं पाणी साचतं, आणि रात्री ड्रम थंड झाला की तेच पाणी बुचाच्या आट्यांमधून आत ओढलं जातं. ड्रम बाहेर ठेवणं भागच असेल तर आडवा ठेवावा, दोन्ही बुचं तीन आणि नऊ वाजण्याच्या रेषेत, म्हणजे आतून तेलाच्या पातळीखाली राहतील.

"साका दिसला तर हलवा." उलट, आधी हलवू नका. डबा खोलीच्या तापमानाला २४ तास उभा ठेवा. वरचं तेल पारदर्शक काचेच्या ग्लासात घेऊन उजेडासमोर धरा, मग डब्याच्या तळातलं थोडं दुसऱ्या ग्लासात घ्या. थंडीने आलेला मेणाचा धूसरपणा ऊब मिळताच जातो. अशा तेलाला काही झालेलं नसतं. ऊब देऊनही दुधाळ राहिलं तर पाणी. तळाला चिकट गोळे किंवा जेलीसारखा थर असेल तर अ‍ॅडिटिव्ह बाहेर पडलेत, आणि हलवून ते पूर्वीच्या अवस्थेत परत जात नाहीत.

पाण्याची शंका असल्यास चष्मा घालून, उघड्या ज्योतीपासून दूर, साधारण १५० अंशांच्या तव्यावर दोन थेंब टाका. तडतडलं किंवा बुडबुडे आले तर ते तेल इंजिनात घालू नका. तडतडलं नाही म्हणून मात्र तेल चांगलंच आहे, असं सिद्ध होत नाही. अगदी थोडं पाणी या चाचणीत दिसत नाही, अ‍ॅडिटिव्हची अवस्था तर मुळीच कळत नाही.

एक मोठा मुद्दा त्या मजकुरात येतच नाही: तेल उत्तम राहिलं तरी त्याचा दर्जा जुना होतो. पेट्रोल इंजिनांसाठी एपीआय (अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूट) या संस्थेचा एसएन हा दर्जा २०१० साली आला, एसपी २०२० साली. टर्बो आणि थेट इंधन फवारणाऱ्या इंजिनांत कमी वेगावर मिश्रण वेळेआधी पेटून पिस्टन फुटू शकतो. एसपीत त्याविरुद्धची आणि टायमिंग चेनच्या झिजेची चाचणी आहे, साध्या एसएनमध्ये नाही. पेट्रोल इंजिनात नव्या दर्जाचं तेल जुन्या गाडीला सहसा चालतं, पुस्तिकेतला ग्रेड, म्हणजे तेलाच्या घट्टपणाचा आकडा, तोच असला तर. उलटं चालत नाही. डीपीएफ (धुरातली काजळी अडवणारा फिल्टर) असलेल्या डिझेल गाडीत जुनं, जास्त राखेचं तेल घातलं तर ती राख फिल्टरमध्ये साचते आणि जळून जात नाही.

"नव्यात मिसळा." चार लिटरच्या संपमध्ये एक लिटर दुधाळ तेल गेलं तर पाणी कमी होत नाही, चारही लिटरमध्ये पसरतं आणि नव्या तेलातले अ‍ॅडिटिव्हही खाऊ लागतं. स्वच्छ निघालेलं, योग्य ग्रेडचं आणि दर्जाचं जुनं तेल डिपस्टिकवरची पातळी भरायला खुशाल वापरा. बिघडलेलं तेल बिजागऱ्यांना लावा किंवा वापरलेलं तेल गोळा करणाऱ्याकडे द्या, गटारात ओतू नका.