नाक जात्याला नव्हे, धारेच्या चाकाला

'कीप युअर नोज टू द ग्राइंडस्टोन' (शब्दशः, नाक ग्राइंडस्टोनला लावून ठेव) या इंग्लिश वाक्प्रचाराचा अर्थ, मान मोडून काम करत राहा. हा वाक्प्रचार गिरणीवाल्यांमुळे आला, पीठ करपतंय का हे हुंगायला ते जात्याच्या दगडाशी नाक नेत, असं सगळीकडे फिरतंय. ऐकायला पटतं, पण टिकत नाही.

आधी शब्द. दळायचा दगड तो 'मिलस्टोन'. 'ग्राइंडस्टोन' म्हणजे सुऱ्या-कुऱ्हाडींना धार लावायचं वालुकाश्माचं उभं चाक. मात्र जात्याच्या दगडालाही 'ग्राइंडस्टोन' म्हटलेलं सापडतं, तेव्हा एवढ्यावर निकाल लागत नाही.

आता गिरणी बघा. पाणचक्कीत खालचा दगड स्थिर, वरचा फिरता. दाणे वरच्या दगडाच्या तोंडातून आत जातात, पीठ कडेनं बाहेर पडतं. पण ती कड उघडी नसते. दगडांभोवती लाकडी पिंपासारखं आवरण असतं, पीठ पन्हळीतून खाली येतं. नाक लावायला जागाच नाही! गिरणीवाला पन्हळीतलं पीठ अंगठा आणि बोटांत चोळून बघे; ते फार गरम लागलं तर वरचा दगड केसभर उचले. धान्य संपलं की दगडावर दगड घासून ठिणग्या उडायची भीती, म्हणून धान्य संपत आल्याचा इशारा द्यायला घंटी बसवलेली असे. करपल्याचा वास येतो, पण त्यासाठी वाकावं लागत नाही.

वाक्प्रचाराच्या उगमाबद्दल दुसरा दावा: सुऱ्या-कात्र्यांसाठी प्रसिद्ध असलेल्या इंग्लंडमधल्या शेफिल्ड शहराचे धारवाले चाकावर पालथे झोपत, म्हणून नाक चाकाशी येई. तेही चूक. ते चाकामागच्या लाकडी बैठकीवर, घोड्यावर बसावं तसे बसत. पालथे झोपत ते फ्रान्समधल्या तिएर गावचे. थंडीत उबेसाठी पायांवर कुत्रा घेत.

सगळ्यात भक्कम पुरावा जुन्या लिखाणातला. १५३२ मध्ये इंग्लिश धर्मसुधारक जॉन फ्रिथनं लिहिलं, की एका वचनानं विरोधकांची नाकं चाकाला इतकी घट्ट दाबून धरली आहेत की चेहरे पार विद्रूप होतात. दाबणारा एक, सोसणारा दुसरा. इथे हुंगणं कुठे आलं? नाक सोलून निघतंय! १५४६ च्या जॉन हेवुडच्या म्हणीसंग्रहातही दुसऱ्यांची नाकंच धरलेली आहेत. १७५८ साली बेंजामिन फ्रँकलिन बजावतो, की कमावलेलं राखता आलं नाही तर माणसाचं नाक जन्मभर चाकालाच राहतं आणि मरताना गाठीला दमडी नसते. यात शाबासकी नाही, हाल आहेत. म्हणून असा जुना मजकूर मराठीत आणताना फ्रिथसाठी 'नाक घासायला लावणे' आणि फ्रँकलिनसाठी 'घाण्याला जुंपणे' जवळचं. 'मान मोडून काम करणे' आजच्या वापरापुरतंच ठेवा.