पिकअपच्या तोंडाला मच्छरदाणी बांधू नका

"पिकअपच्या पुढच्या जाळीवर मच्छरदाणी ताणून बांधा, लोखंडी गार्ड लावा, किडे चिकटले तर डिझेलच्या फडक्यानं पुसा. रेडिएटर, रंग, काच सगळं नव्यासारखं राहतं." हा मेसेज विदर्भातल्या गाडीवाल्यांच्या ग्रुपवर फिरतोय. हप्ते फेडत गाडी चालवणारा माणूस असा सल्ला लगेच उचलतो, म्हणून एकेक मुद्दा घेतो.

मच्छरदाणीनं किडे अडतात हे खरं, पण हवाही अडते. भंडारा-गोंदियाच्या धानपट्ट्यात हंगामात रात्री हेडलाइटवर हिरव्या तुडतुड्यांची झुंड येते. ते बारीक भोकांत अडकतात, वर धूळ बसते. हिंगणघाट-वणीकडं कापसाच्या गाडीमागं लागलात तर उडणारे तंतू त्यावर चिकटून नमद्यासारखा थर होतो. हिवाळ्यात हे निभतं. मे महिन्यात चंद्रपूरकडं पारा ४५ अंशांवर, मागं भरलेला माल, त्यात चढ लागला की तापमानाचा काटा लाल पट्ट्यात जातो. पाणी उकळतं, आणि हेड गॅस्केट (इंजिनाच्या डोक्याखालची सील) गेलं की हंगामाची कमाई गॅरेजात.

जाळी लावायचीच तर तारेची लावा, तुरीची डाळ आरपार पडेल एवढ्या भोकांची आणि पटकन काढून धुता येईल अशी. रेडिएटर धुवायचा तो इंजिन गार झाल्यावर, आणि पाणी इंजिनाच्या बाजूनं पुढं सोडायचं, म्हणजे कचरा आला त्याच वाटेनं बाहेर पडतो. वॉशिंग सेंटरचा प्रेशर पाइप जवळून मारू देऊ नका. रेडिएटरच्या पातळ पत्र्या (फिन्स) वाकतात, आणि त्यांच्यामधून मग हवा जात नाही.

पुढच्या लोखंडी गार्डचं (बुलबारचं) तर सरळ आहे. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयानं डिसेंबर २०१७ मध्येच राज्यांना पत्र लिहून अशा गार्डवर कारवाई करायला सांगितलं. गाडीत परस्पर फेरबदल करायला मनाई करणारं मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ त्याला लागू होतं. गार्ड चेसिसला बोल्टनं आवळलेला असतो, त्यामुळं धडकेचा मार थेट चेसिसवर येतो, आणि समोर माणूस असेल तर त्याला लोखंडाचाच फटका बसतो. गावातून गाडी नेणाऱ्यानं एवढा विचार करायलाच हवा.

डिझेलनं किडे निघतात, पण रबर फुगतं आणि काचेवर तेलाचा पापुद्रा राहतो. रात्री समोरच्या लाइटनं त्यावर सगळं पांढरं दिसतं. त्यापेक्षा साबणाच्या पाण्यात भिजवलेलं फडकं दहा मिनिटं ठेवा आणि हलक्या हातानं पुसा. हे त्याच दिवशी करा, वाळलेले किडे रंगावर डाग पाडतात.

खडी मच्छरदाणीनं थांबत नाही. कोळशाच्या, गिट्टीच्या टिपरमागं अंतर ठेवूनच चाला. तरी काचेला टवका उडालाच तर तापलेल्या काचेवर गार पाणी ओतू नका, चीर पसरते. टवक्यात रेझिन (काच सांधायचा चिकट द्रव) भरून घेईपर्यंत त्यावर पारदर्शक टेप लावून ठेवा, आत धूळ शिरली की रेझिन नीट धरत नाही.